फरशी धुतलेलं पाणी

"झाकण उघड," कॉलेजचे सर मला म्हणाले.

कॅन माझ्या पायाशी होता. पाच लिटरचा, गोडेतेलाचा, पुरात कुठून तरी वाहत आलेला. असे नऊ कॅन फरशीवर ओळीने ठेवले होते. त्यांच्यामागे आमच्या गावच्या बाया उभ्या होत्या. पहिल्या कॅनमागे माझी माय.

मी झाकण उघडलं.

संस्थेचे व्यवस्थापक वाकले. नाकावरचा रुमाल बाजूला करून त्यांनी आत बघितलं आणि हसले. "अरे, हे तर गढूळ आहे! चोरायचं तर निदान चांगलं तरी चोरायचं."

सगळे हसले. कॉलेजची मुलं हसली. सर हसले. पोह्यांचे कागद हातात धरून उभ्या असलेल्या माझ्या वर्गातल्या मुली हसल्या. माझेही ओठ थोडे हलले. मायच्या कॅनचं झाकण माझ्या हातात होतं, आणि माझे ओठ हलले. ते मी विसरले नाही.

मी काही लेखिका नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कुठून सुरू करावं, काय गाळावं, हे मला नीट कळत नाही. जसं झालं तसं सांगते.

आमचं गाव चौसाळ्याहून आत, माळावर. त्या साली पाऊस नसण्याचं तिसरं वर्ष होतं. दादा, म्हणजे माझे वडील, दोन बैल घेऊन चारा छावणीवर राहत होते. गावात दोन दिवसांआड टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा आणि मग सगळं गाव विहिरीच्या काठावर. आमच्याकडे आंघोळ बाजेवर बसून करतात. बाजेखाली घमेलं ठेवायचं. अंगावरून पडलेलं पाणी घमेल्यात जमतं. ते निवळू द्यायचं. वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं, त्यात कपडे बुचकळायचे. उरलेलं दारातल्या लिंबाच्या बुडाला. पाणी एकदाच वापरून मोरीत सोडून देतात, हे मी बीडला हॉस्टेलवर आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पहिले काही दिवस मी मोरीकडे बघत उभी राहायचे.

जून संपता संपता पाटोद्याकडच्या डोंगरात ढग फुटला. एका दुपारीत. आमच्या माळावर थेंब नाही. पण डोंगरातलं ते सगळं पाणी बिंदुसरेत आलं आणि बिंदुसरा बीडमध्ये शिरली. काठच्या पेठा बुडाल्या. पाणी ओसरलं तेव्हा घराघरात गुडघाभर गाळ होता. गाद्या, धान्य, वह्या, मेलेली कोंबडी, देव्हारे, सगळं एका रंगाचं झालेलं. वास असा की जेवण जाईना. आणि नळाची लाइन फुटलेली. नदीने शहर बुडवलं आणि शहरात धुवायला पाणी नाही.

म्हणून टँकर शहरात बोलावले. आमच्या गावचा टँकर शहर धुवायला आला.

मी तो ओळखला. मागच्या बाजूला पोचा आणि गळक्या कॉकमध्ये कोंबलेलं लाल फडकं. टँकर एका सहकारी संस्थेचा होता, खतं-बियाणं विकणारी मोठी संस्था, नदीकाठाला तिचं गोडाऊन आणि सभेचा हॉल. तिथेही पाणी शिरलं होतं. हॉलच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या चेअरमनांचे फोटो ओळीने लावलेले. पुराची रेघ सगळ्यांच्या गळ्यापाशी. वरचे चेहरे मात्र कोरडे.

आमच्या गावचे तात्या संस्थेत विचारायला गेले. तात्या म्हणजे मुकादम, दरवर्षी गावातल्या कोयत्यांची टोळी ऊसतोडीला साखर कारखान्याला नेणारे. व्यवस्थापक त्यांना म्हणाले, "टँकर इथलं काम झाल्याशिवाय सुटत नाही. तुम्ही माणसं आणा. चार दिवसांत गोडाऊन आणि हॉल साफ करून द्या. पाचव्या दिवशी टँकर तुमच्या गावात."

म्हणून गाव आलं. एक ट्रकभर, बायाच जास्त. भाकरी बांधून. रोजगाराची बोलीच नव्हती. टँकरसाठी आले.

मी तिथे आधीपासून होते. राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका म्हणून. छातीवर बिल्ला. माझं अक्षर चांगलं म्हणून सरांनी मला यादी लिहायला बसवलं होतं. कोणाचं काय गेलं याची यादी. मी खुर्चीवर, मांडीवर पॅड.

ट्रकमधून माय उतरली. तिने मला पाहिलं. मीही पाहिलं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे अनोळखी बाईसारखी नजर टाकून पुढे गेली. माझ्या बिल्ल्याला धक्का लागू नये म्हणून. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. हेही मला गाळता आलं असतं.

तीन दिवस त्यांनी गाळ उपसला. पाट्यांनी. कुजलेल्या खताच्या गोण्या हातात फुटत होत्या, हातांना फोड येत होते. चौथ्या दिवशी हॉल धुवायचा होता. त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठी माणसं पाहणीला येणार होती. टँकर दाराशी लावला, नळी आत घेतली, कॉक उघडला. शहाबादी फरशीवर पाणी धावलं.

आणि आमच्या बायांनी काय केलं? दारात ओल्या पोत्यांचा बांध घातला. पाणी बाहेर जाऊच दिलं नाही. ताटल्यांनी पाणी उचललं, पिंपात भरलं, निवळू दिलं, आणि वरचं काढून पुन्हा त्याच फरशीवर ओतलं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. हात आपोआप तसेच चालले.

काशीमावशी, आमच्या शेजारची, हसत म्हणाली, "बाई बाई, या एका हालात एवढं पानी गेलं की आपल्या गावातली सारी लग्नं उरकली असती."

माय म्हणाली, "लग्नाचं जाऊ दे, न्हाणंधुणं तरी झालं असतं."

फरशी वाळली तेव्हा तिच्यावर राखाडी साय धरलेली होती. व्यवस्थापकांनी त्यावर बोट फिरवलं.

"हे काय? फरशी धुतली का सारवली?"

काशीमावशीने पिंपाकडे बोट दाखवलं.

"पाणी उचलून पुन्हा तेच टाकता? अक्कल आहे का? दुष्काळात राहून राहून पाणी वापरायचंसुद्धा विसरलात."

माय म्हणाली, "साहेब, चांगलं पानी सांडवंना हातानं."

"मग हात घरी ठेवून यायचे."

बांध काढायला लावला. नळी पूर्ण सोडली. टँकरभर पाणी फरशीवरून मोरीत, मोरीतून नदीत. बाया बाजूला उभ्या राहून बघत होत्या. कोणाच्या घरचं माणूस नेताना बघावं, तशा.

पिंपात मात्र आधीचं निवळलेलं पाणी उरलं होतं. फरशी धुतलेलं. ते मायने आणि आठ जणींनी गाळात सापडलेल्या कॅनमध्ये भरलं. गावाला न्यायचं म्हणून. पिण्यासाठी नाही, शेळ्यांच्या पुढ्यात ठेवायला, भांडी विसळायला. कॅन ट्रकमध्ये चढवताना शिपायाने पाहिले.

तेव्हा ते झाकण.

हसणं थांबल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "गाळाचं असो नाही तर गंगेचं असो. संस्थेच्या टँकरमधलं पाणी हे संस्थेचं. कोणाला विचारून भरलं?"

काशीमावशी म्हणाली, "मोरीत सोडलं तवा कुणाला इचारलं व्हतं?"

तात्यांनी तिच्यावर डोळे वटारले. व्यवस्थापकांचा चेहरा बदलला. तोपर्यंत गंमत चालली होती. आता नाही.

"टँकर पाहिजे ना उद्या? मग मला कागद पाहिजे. लिहून द्या, पाणी चोरून नेत होतो, चूक झाली. उद्या कोणी विचारलं तर माझ्याकडे काही तरी असलं पाहिजे. या पहिल्या बाईचा अंगठा घ्या, सगळ्यांच्या वतीने." मग सरांकडे वळून म्हणाले, "तुमची ती चांगल्या अक्षराची मुलगी कुठे आहे?"

मी पुढे झाले. पॅडवर कोरा कागद लावला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. "आम्ही खाली अंगठा करणार, संस्थेच्या आवारातून पाणी..."

पुढचा शब्द त्यांनी उच्चारला. माझं पेन थांबलं.

"चोरून," ते पुन्हा म्हणाले. "च ला काना आणि मात्रा."

पुन्हा थोडे हसले कोणी कोणी.

मी म्हणाले, "ही माझी माय आहे."

आवाज अगदी बारीक निघाला. सरांनी "काय?" म्हणून विचारलं. मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्याने निघाला. सरांनी माझ्या बिल्ल्याकडे बघितलं, मग मायकडे. माझ्या वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. माय जमिनीकडे.

व्यवस्थापक म्हणाले, "मग तर बरंच झालं. घरच्या घरात होऊन जाईल. लिही."

"मी लिहिणार नाही. तिने चोरी केली नाही."

"अगं, नुसता कागद आहे," सर म्हणाले. "कोण वाचतंय? गावाचं काम अडवू नकोस."

तात्या जवळ आले. तात्यांनी मला लहानपणी फडात खांद्यावर घेतलेलं आहे. ते हळूच म्हणाले, "पोरी, कावून हट्ट करती? दोन वळी हायेत. लिही अन् मोकळी हो. गाव वाट बघतंय."

हेच सगळ्यात अवघड होतं. व्यवस्थापकांना नाही म्हणणं सोपं होतं. तात्यांना नाही.

"न्हाई, तात्या."

इतकंच बोलले. पेन पॅडला अडकवलं आणि पॅड खाली ठेवलं.

काही अडलं नाही. माझ्याच बाकावर बसणाऱ्या मुलीला सरांनी बोलावलं. तिने कागद पूर्ण केला. तिचंही अक्षर चांगलं होतं. शिपायाने शाईचं पॅड आणलं. माय पुढे झाली. साडीला अंगठा पुसला आणि तो तयार धरला.

मी तिचं मनगट धरलं.

मायचा हात कोयत्याचा आहे. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई आहे ती. तिने झटका दिला असता तर मी भिंतीवर गेले असते. तिने झटका दिला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. दोघी तशाच उभ्या राहिलो.

शेवटी व्यवस्थापकांनी कागदाच्या चार घड्या करून खिशात घातल्या. "ठीक आहे. ओता ते सगळं."

नऊ कॅन ओतले. जिचा तिलाच ओतायला लावला. तात्या फक्त "चला" म्हणाले आणि ट्रकमध्ये जाऊन बसले. ट्रक परतीच्या वाटेला लागेपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. माझा बिल्ला सरांनी त्याच संध्याकाळी काढून घेतला. म्हणाले, "सेवा करायला नम्रता लागते."

टँकर पाचव्या दिवशी आला नाही. दहाव्या दिवशीही आला नाही. मग कळलं, दुसऱ्या गावाला लागला.

पंधरवड्याने मी गावी गेले. कोणाला काही विचारावं लागलं नाही. ओढ्याच्या तळाला बायांनी झिरा उकरला होता. वाटीवाटीने पाणी, नंबर लावून. मायची घागर सगळ्यांच्या शेवटी. ती सगळ्यात आधी आली तरी शेवटी. काशीमावशी, जिने सगळ्यात आधी तोंड उघडलं होतं, तीही मायशी बोलत नव्हती. तिच्या नातवाला झिऱ्याच्या पाण्याने हगवण लागली होती.

मायचा नंबर येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. अर्धी घागर भरली. वाटेत मी तिच्याकडून घागर घेतली. ती म्हणाली,

"लिहून द्यायचं व्हतंस. पानी आलं असतं."

मी म्हणाले, "मग तू हात कावून न्हाई सोडवून घेतला?"

"चार मानसांत लेकीचा हात झटकू का?"

तिला टँकर हवा होता. मला तिचं नाव स्वच्छ हवं होतं. तिने माझी इज्जत राखली आणि त्याची किंमत म्हणून सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली. मी बरोबर केलं असं तिने आजवर म्हटलेलं नाही. गावातल्या कोणीच म्हटलेलं नाही. मी वाट बघत नाही.

संस्थेचा हॉल आता झकास आहे. शेजारून जाताना दिसतो. फोटोंच्या काचा बदलल्या. मोर्चा, अर्ज, पत्र, जे काही मला येत होतं ते मी करून पाहिलं. एकाही अर्जाचं उत्तर आलं नाही. पाऊस त्या वर्षी आला तो पेरणी गेल्यावर आला. या सगळ्यातून काही भलं निघालं असं मला सांगता येणार नाही. खोटं कशाला सांगू?

पण तो कागद माझ्यापुढे पुन्हा आला तर मी तो पुन्हा लिहिणार नाही. पाणी मागायचं तर मागीन. दारात उभी राहून मागीन, उन्हात बसून मागीन, दहा वेळा मागीन. चोर म्हणून मागणार नाही, आणि माझ्यासमोर कोणाला मागू देणार नाही. माय रागावली तरी. तात्यांनी तोंड फिरवलं तरी.

गाव तहानलं तरी? हे कोणी विचारलं तर उत्तर देताना माझा आवाज कापेल, हे मला माहीत आहे.

तरी.