फुटामागं एक इंच

“चढलं किती? चाललं किती?”

असं इचारताना बाई आधी हात खालून वर उचले, मंग आडवा सरकवे, जसा काई समोर हवेत फळाच टांगला हाये. दूधवाला येवो का मीटर पाहनारा, तो वेशीकडच्या चढावरून सायकल रेटत आला का बाईचा हा सवाल ठरलेला. जिंदगीभर तिनं देवळीच्या शाळेत भूमिती शिकवली. मी काई शाळेत गेलो नाई. म्हनजे गेलो एकदा, छत गळत होतं तवा, कवेलू फेरायले.

बाईचा नवरा मागंच वारला. लेक पुन्याले. पाय गेले तवापासून बाई चाकाच्या खुर्चीवर. विहार घरापासून शंभर पावलं, पन घराच्या दाराले दोन पायऱ्या. सांजच्याले वंदनेले जायचं म्हनजे खुर्चीसकट उचलायले दोन मानसं पाह्यजे. उचललं का बाई डोळे मिटून घे. मंग हळूहळू तिनं जानंच सोडलं. एक दिवस मले बोलावून म्हने, “मिस्त्री, मले असा उतार बांधून दे, का मी माझी मी जाईन. कोणी हात लावायचा नाही.”

म्या म्हटलं, हे काय काम हाये? पायऱ्यांवरून पाच फुटाचा उतार टाकला अन् असा घोटला का माशी घसरन. वाळल्यावर बाईनं पाह्यलं. कशीबशी बाजेवर सरकली अन् खुर्ची माह्याकडं लोटली.

“बस.”

“मी?”

“बांधणाऱ्यानं आधी बसायचं.”

बसलो. हात सोडले. तुमी कोनी बंडीतून भोपळा घरंगळताना पाह्यला असन, तर तो मीच. समोरची मोगऱ्याची कुंडी गेली. भिंत वाचली, कारन माहं कपाळ मधात होतं. शेजारची काकू भिंतीवरून डोकावून म्हने, “मिस्त्री, लायसन हाये का?”

बाई हसली नाई. तोच हात वर, तोच आडवा.

“चढलं किती?”

“पंधरा इंच.”

“चाललं किती?”

“पाच फूट.”

“म्हणजे फुटामागं तीन इंच. मले फुटामागं एकच पाहिजे. तेवढंच ह्या हातांनी ओढवते.”

“मंग पंधरा फूट लागन, बाई. आनू कुठून? आंगन बारा बाय नऊ. लांब भिंतीच्या कडेनं नेला तरी तीन फूट कमीच.”

“कोपऱ्यातून कोपऱ्यात मोज.”

दार ह्या कोपऱ्यात, फाटक त्या कोपऱ्यात. टेप लावला. पंधरा. झटकून पुन्हा लावला. पंधराच.

आता आयका माही अक्कल. वीस वर्षं मी घराचे पाये आखून राह्यलो. एका बाजूनं तीन फूट, दुसऱ्या बाजूनं चार, अन् मधातली तिरपी दोरी पाच आली का कोना सरळ. उस्तादानं शिकवलं, काऊन ते त्यालेही ठाव नसन. नऊ, बारा, पंधरा म्हनजे तेच, तिप्पट. वीस वर्षं ती तिरपी दोरी माह्या पायात येत होती. तिच्यावरून मानूस जाऊ शकते हे काई डोस्क्यात आलं नाई.

बाई म्हने, “तुले येत होतं रे. कोणी विचारलं नव्हतं.”

असं मले कोनी म्हटलं नोतं. मी कपाळाचं टेंगूळ चोळत बसलो.

जुना उतार फोडला, नवा टाकला. आंगनाचे दोन तिरपे तुकडे झाले. काकू म्हने, “मिस्त्री, आज सकाळीच घेतली होती का?”

नव्या उतारावर सात दिवस पानी मारलं तरी पुरते. म्या एकवीस दिवस मारलं. माह्या घरी कोनी नाई. बायको गेली, पोरगी सिंदीले दिली.

“सात दिवस झाले ना रे?”

“सिमेंट कच्चं हाये, बाई.”

“हं,” म्हने बाई, अन् चहाचा दुसरा कप माह्यापुढं सरकवे.

मंग एका सांजच्याले बाई पांढरं लुगडं नेसून दारात बसली. “मागं येऊ नको.” दोन्ही चाकं धरून हळूच उतरली अन् फाटकाबाहेर गेली. मी फाटकाआड. येताना अर्ध्या चढावर थांबली, दम घेतला. माहे हात आपोआप पुढं झाले. बाईनं असं पाह्यलं का म्या ते खिशात घातले. पँटीले खिसा नोता, तरी घातले.

वर पोचून म्हने, “जा आता घरी. झालं तुझं काम.”

तीच तर माही अडचन होती.

दोन वर्षं बाई रोज गेली. माहं काम गावाच्या कोन्याबी टोकाले असो, सांजच्याले माहा रस्ता तिकडूनच.

मंग लेकानं तिले पुन्याले न्यायचं ठरवलं. वाईट नाई तो. एकली बाई, पडली-झडली तर कोन पाहीन? बाईनंही हाव म्हटलं. निघायच्या दिवशी लेकानं खुर्चीले हात लावला, तो तिनं बाजूले केला. फाटकापर्यंत तिची ती आली.

बाहेर गाडी होती. मोठी, उंच सीटची. बाई तिच्यापुढं थांबली. लेक वाकला, एक हात पाठीमागं घातला, एक गुडघ्याखाली. बाईचे डोळे माह्यावर होते, उघडे. मले कळलं का हे आता म्या पाहू नाई.

म्या भिंतीकडं तोंड केलं. गाडीचं दार लागलं. मंग गाडी सुरू झाली. मी तसाच उभा राह्यलो, जरा जास्तच. फिरलो तवा गल्लीत नुसती धूळ होती. काचेतून बाईनं मागं पाह्यलं का नाई, हे सांगायले तथी कोनी नोतं.