वरून मारलेली हाक

आमच्या वहिनीला लोक एकच प्रश्न विचारायचे, आणि तो ऐकला की माझं डोकं फिरायचं. एवढं दुखतं, तर फिरायची हौस कशाला? विचारणारे सगळे धडधाकट, घरचा जिना चढताना धापा टाकणारे. वहिनी मात्र ओठांत धरलेली टाचणी काढून शांतपणे म्हणायची, "घरी बसलं तरी दुखतंच. मग तळ्याकाठी दुखू दे की." आणि टाचणी परत ओठांत धरून पडद्याच्या चुण्या घालायला लागायची.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पडदे शिवणं हा तिचा धंदा. बाजारातली दुकानं मापं आणि कापड पाठवायची आणि घरच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन चालायचं. पाय मारायचं मशीन तिला झेपेना, म्हणून मोटर बसवून घेतली होती. कमरेतून निघून डाव्या टाचेपर्यंत जाणारी एक कळ होती तिच्या अंगात. पडली नाही, धडपडली नाही. एक दिवस नुसती वाकली, आणि कळ आली ती मुक्कामालाच. डॉक्टर झाले, पट्टे झाले, मलमं झाली, शेकून शेकून कातडी काळवंडली. "पाहुणी आहे, जाईल," असं सुरुवातीला म्हणायची. नंतर तेही म्हणायची सोडली.

पण वर्षातून एकदा आम्ही दोघी कुठल्यातरी देखण्या शहरात जायचोच. दादाला प्रवास म्हटला की नको होतं. तो आम्हाला गाडीत बसवून द्यायचा आणि मला बजावायचा, "ए भोंग्या, नेतेस तशी आणून दे." भोंगा म्हणजे मी. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते, गाड्या पुकारते. माईक बंद पडला तरी आमच्या साहेबांना काळजी नसते, असा आवाज दिलाय देवानं. लग्न मी केलं नाही, त्यामुळे सुट्टी कुणाला विचारावी लागत नाही.

आमच्या फिरण्याची पद्धत ठरलेली होती. पहिला दिवस वहिनीनं लॉजवर आडवं पडायचं, दुसऱ्या दिवशी बघायचं, आणि ते बघणं तिसऱ्या दिवशी पलंगावर फेडायचं. खोली तळमजल्याचीच हवी. सोबत गरम पाण्याची पिशवी, दोन उशा आणि हिरवी छत्री. देखण्या शहरांची एक खोड असते. त्यांची सगळी शोभा उंचावर. पायऱ्या काही वहिनीला जमायच्या नाहीत. मग ती खाली खुर्चीत बसायची आणि मी वर जायचे. वर पोचले की कठड्यावरून हाक मारायची, "वहिनीऽऽ!" तिनं खालून छत्री हलवायची. मग मी दोघींच्या वाटणीचं बघून घ्यायचं आणि खाली येऊन सगळं सांगायचं. सांगणं म्हणजे काय विचारू नका. कुठल्या खिडकीला कसला पडदा होता इथपर्यंत उलटतपासणी! "आणि वन्सं, डाव्या बाजूला काय होतं? नीट बघितलं नाहीत ना? तुम्हाला मेलं पाठवून उपयोग नाही." मी चिडायचे, ती हसायची. तेवढा वेळ तिच्या भुवयांमधली आठी जायची. मी तेवढ्यासाठीच तर पायऱ्या चढत होते.

असं करत करत आम्ही त्या तळ्याच्या शहरात गेलो.

तिथं घरांमधून एक पायऱ्यांची वाट वर जाते. वर फरसबंद गच्चीसारखी जागा, तिला कमरेएवढा कठडा, आणि समोर सगळं तळं. खाली चौकात एक म्हातारा घडीच्या खुर्च्या भाड्यानं द्यायचा. त्याच्याकडून खुर्ची घेऊन मी वहिनीला बसवलं, पाठीला उशी लावली, हातात छत्री दिली आणि चढायला लागले.

वर पोचले, वाकून बघितलं. खाली हिरवी छत्री दिसत होती. मी छाती भरून हाक मारली, "वहिनीऽऽ!"

छत्री हलली नाही. माझ्या पाठीमागून, अगदी जवळून आवाज आला, "ओ!"

मी वळले. वहिनी कठड्याशी उकिडवी बसली होती आणि फटीत उगवलेल्या गवताला बोट लावत होती. उकिडवी! जिला खाली पडलेली कात्री उचलायला माणूस लागायचं, ती. गुडघ्यावर हात न टेकता ती सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं.  "अगं, तू इथं कशी?" असं मी ओरडले आणि पापणी लवते न लवते तोच तिथं कुणी नव्हतं. खाली छत्री जोरजोरात हलत होती.

पायऱ्या मी कशा उतरले ते मला विचारू नका. वहिनी खुर्चीतच होती, घामानं डबडबलेली, आणि रागानं लाल.

"कशाला हाक मारलीत?" ती म्हणाली. "तिथं दुखत नव्हतं."

"कुठं तिथं?"

"वर. त्या अर्ध्याच रंगवलेल्या निळ्या दारापाशी. त्याच्या पलीकडे उताराची गल्ली आहे, तिथं जायचं होतं मला."

निळं दार मी पाहिलंच नव्हतं. परत वर जाऊन बघायची माझी छाती झाली नाही. खुर्चीवाला म्हातारा वहिनीकडे बोट दाखवत म्हणाला, "बाईंचा डोळा लागला होता. ऊन आलं म्हणून खुर्चीसकट सावलीत घेतलं. काही वजनच नाही हो त्यांना, रिकामी खुर्ची उचलल्यासारखं वाटलं." आमची वहिनी चांगली अंगानं भरलेली आहे. रिक्षातून तिला उतरवताना माझे खांदे निघतात. म्हाताऱ्याला भाडं दिलं आणि वहिनीला घेऊन लॉजवर आले.

दादाला आम्ही काही सांगितलं नाही. सांगणार काय, कपाळ? पण त्या वर्षी वहिनीचं दुखणं फार वाढलं. मशीनवर बसली की रडायला यायचं तिला, आणि रडताना शिवण वाकडी गेली की ती स्वतःलाच शिव्या घालायची. एके दुपारी पडद्याला अस्तर लावता लावता म्हणाली, "वन्सं, यंदा परत तिथंच जाऊ. आणि वर गेल्यावर हाक मारू नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

"आणि तू परत आली नाहीस तर? दादाला काय तोंड दाखवू?"

"पोटभर हिंडू द्या एकदा. तुम्हाला नाही कळायचं ते. तुमचं अंग तुमच्याशी भांडत नाही."

मी शपथ घेतली.

दुसऱ्या खेपेला वहिनीला खाली खुर्चीत बसवून मी पायऱ्या चढले. वहिनी वर होतीच. मला बघून लहान पोरीसारखी हसली आणि हिंडायला लागली. कठड्याच्या कडेकडेनं भराभर चालली, थांबली, मागं वाकून आभाळ बघितलं. वरची इतर माणसं तिच्या बाजूनं जात होती, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मग ते निळं दार दिसलं मला, खरंच अर्धं रंगवलेलं. त्याच्या पलीकडच्या उतारावरून ती चक्क धावत गेली. धावताना मी तिला कधी बघितलंच नव्हतं. घशाशी हाक आली होती, पण मी तोंडात पदराचा बोळा कोंबला. इतका आनंद झाला होता मला, आणि इतकी भीती वाटत होती.

ऊन कलायला लागलं तशी ती परत आली आणि पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिली. खाली बघितलं. एक पाय पुढे टाकायला गेली आणि मागं घेतला. मग माझ्याकडे वळून काहीतरी बोलायला लागली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, शपथेची आठवण करून देतेय. मी ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली, म्हणजे नाही गं बाई, नाही मारत हाक. आणि एकटीच खाली उतरले.

खाली वहिनी खुर्चीतून आपणहून उठली. खुर्चीची घडी घातली, म्हाताऱ्याला नेऊन दिली, उशा काखोटीला मारल्या आणि म्हणाली, "चला."

"दुखत नाही?"

"नाही."

मी भर चौकात तिला मिठी मारून रडले. तिनं रडू दिलं. लॉजवर आडवं पडणं नाही, शेकणं नाही. परतीच्या गाडीत पाय खाली सोडून ताठ बसली. एवढंच, की मी काय काय बघितलं ते तिनं विचारलं नाही. मला वाटलं, स्वतः बघितलंय, आता माझं काय ऐकायचं?

दादा तर वेडाच व्हायचा बाकी राहिला होता. शेजारीपाजारी बघायला आले. डॉक्टरांनी तिला वाकवून, वळवून बघितलं आणि श्रेय आपल्याच औषधाला दिलं. घरातले पट्टे, पिशव्या, मलमं मी माळ्यावर टाकली. वहिनी दिवसभर शिवायची, एकदाही उठायची नाही. शिवण अशी सरळ, की दुकानदार खूश. शिव्या नाहीत, कण्हणं नाही, मला टोमणे नाहीत. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची.

"वहिनी, तळं कसलं सुंदर होतं ना?"

"हो."

"आणि ती उताराची गल्ली? काय होतं गं पलीकडे?"

"कुठली गल्ली?" असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे वहिनीचेच होते, पण त्यांत माझी ओळख फळीवर वस्तू ठेवावी तशी नुसती ठेवलेली होती. 

मग एकदा दादा सकाळी सकाळी बसस्थानकावर आला. हा माणूस माझ्या खिडकीशी कधी येत नाही. म्हणाला, "ती झोपेत कूस बदलत नाही गं. जशी पडते तशीच उठते. चादरीला सुरकुती नसते." आणि मान खाली घालून म्हणाला, "दुखत होतं तेव्हा अख्खी रात्र मला लाथा बसायच्या. वैताग यायचा. पण आता शेजारी कुणी आहे असंच वाटत नाही."

त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर मशीन चालू होतं. पांढऱ्या पडद्यावर लाल ठिपक्यांची सरळ रांग उमटत चालली होती. सुई वहिनीच्या बोटातून गेली होती आणि ती कापड पुढे सरकवत शिवतच होती. मी किंचाळून मोटर बंद केली. तिनं बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय झालं?" म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पायऱ्यांच्या तोंडाशी ती काय सांगत होती ते कळलं. शपथ कसली घेऊन बसले होते मी गाढव! पोरगी पोटभर हिंडून घरी यायला निघाली होती. हाकेशिवाय तिला खाली पाऊल टाकता येत नव्हतं. आणि मी तिच्यापुढे बोट ओठांवर ठेवून उभी!

दादाला सगळं सांगितलं. वाटलं, मला वेड्यात काढेल. तो एवढंच म्हणाला, "ती तुझी वाट बघत असेल. जा." मी सुट्टीचा अर्जसुद्धा दिला नाही, मिळेल त्या गाडीनं निघाले.

भर दुपारी चढले मी त्या पायऱ्या. वर कुणी नव्हतं. म्हणजे फोटो काढणारे होते, पोरांच्या मागं धावणाऱ्या आया होत्या, वहिनी नव्हती. निळं दार आता पुरतं रंगवून झालं होतं. उताराच्या गल्लीत डोकावले, ती पुढे वळत गेली होती आणि कुठं जाते ते दिसत नव्हतं. मला रडूच फुटलं. उशीर झाला, असं वाटलं. मग म्हटलं, रडतेस काय, भोंगा ना तू? कठड्याला पाठ लावली, गल्लीकडे तोंड केलं आणि हाक मारली.

लोक दचकून बघायला लागले. गल्लीतून काही नाही. परत मारली. भरल्या फलाटावर सुटती गाडी पुकारते तशी, घसा फाटेस्तोवर. "वहिनीऽऽ! चल घरी!" एक बाई पोराला घेऊन बाजूला सरकली. आवाज गल्लीत आत आत गेला आणि विरून गेला. 

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा होता, आणि त्याच्या मागं कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडत होतं.

"अगं ही मशीनवरून खाली पडलीये! कंबर धरून लोळतेय, मला शिव्या घालतेय, पट्टा कुठं ठेवलाय विचारतेय. पट्टा कुठं आहे?"

"माळ्यावर," मी म्हटलं. "फोन दे तिला."

खडखड झाली. मग धापा ऐकू आल्या, आणि त्या धापांतून तिचा आवाज. "वन्सं... अहो, किती वेळ लावलात! घसा सुकला माझा हाका मारून."

"तूच शपथ घातली होतीस ना मला?"

"घातली म्हणून पाळायची होय?" ती कळवळून ओरडली, आणि मग रडायला लागली. "फार दुखतंय हो. फार म्हणजे फार दुखतंय."

मी तिथंच पायरीवर बसकण मारली. तिकडे माझी वहिनी दुखण्यानं विव्हळत होती, आणि मला इतका आनंद झाला होता की माझं मलाच भ्या वाटलं.