माशाचं ताट

टेंभी नाक्याला राहायचो तेव्हा, पन्नास सालच्या सुमाराला, बाळकुमचा एक भाजीवाला दारावर यायचा. ह्यांनी ओढ्यातून बोटाएवढा, बारीक मिशांचा मासा आणून काचेच्या पेटीत ठेवलेला. दगडाला तोंडानेच चिकटून बसायचा. मी पेटी रोज घासून लख्ख करायची, तरी तो खंगत चाललेला.

एकदा भाजीवाल्याने टोपली उतरवून काचेला नाक लावलं, माशासारखे गाल आत ओढले आणि खो-खो हसला.

"बाय, शेवाल म्हंजे त्याचा भात. रोज ताट धुतेस, वाढतेस कवा?"

दुसऱ्या दिवशी त्याने माठाच्या जुड्यांखालून शेवाळलेला दगड काढून दिला.

मी काच घासणं सोडलं. भाजीवाला मग रोज भाजीचं नाव घेण्याआधी विचारायचा, "जेवला का?" मी हसत हिरव्या काचेवरची, माशाने चाटून केलेली स्वच्छ वाट दाखवायची.