बापाचं नाव काढताना

माझ्या दवाखान्याला भाईंदर ईस्टच्या खारीगावात सगळे चड्डीवाला दवाखाना म्हणायचे. यात दोष माझा नाही, बाबांचा. बाबा बस डेपोत पेंटर होते. बसच्या कपाळावरचे आकडे आणि गावांची नावं रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण दात त्यांनी जन्मात कधी रंगवला नव्हता. मी त्यांना दाढेचं चित्र काढून दिलं, खाली दोन मुळं. त्यांनी ते पत्र्याच्या निळ्या पाटीवर ऑइलपेंटने उतरवलं आणि बघतो तर काय, दोरीवर वाळत घातलेली पांढरीशुभ्र चड्डी! आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. बाबा चिडून म्हणाले, "दात काढू नकोस गं, ते हिचं काम आहे."

दाताशेजारी नाव. मला नुसतं डॉक्टर आणि आडनाव पुरे होतं. बाबा ऐकेनात. माझं नाव, मग त्यांचं नाव, मग आडनाव, आणि मधलं नाव जरा जास्तच ठसठशीत. परळची खोली सोडून भाईंदरला आलो तेव्हा आमच्या दारावर फक्त नंबर होता. आमच्या अख्ख्या खानदानात कोणाच्या नावाची पाटी लागायची ही पहिलीच वेळ. उद्घाटनाला परळचे जुने शेजारी आले, आत्या आली, काका आले आणि पेढा तोंडात टाकून सगळे एकच बोलले, "बापाचं नाव काढलंस हो पोरी." बाबांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. तरी दर वेळी "काय म्हणालात?" करून पुन्हा वदवून घेत होते.

पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या मुर्धा गावाहून एक आजी आली. मिठागरात काम करून पायाच्या टाचा फुटलेल्या, जीभ मात्र धारदार. रिक्षावाल्याला "चड्डीवाला डागदर" सांगून आली होती. कागदावर तिने सही म्हणून अंगठा उठवला आणि तोंड उघडलं. खालच्या जबड्यात दोनच दात उरलेले, डावा सुळा आणि उजवा सुळा, दोन्ही खुंट्यासारखे पक्के. मी म्हटलं, "आजी, हे दोघं मरेपर्यंत जपायचे. खालची कवळी यांच्याच जिवावर बसणार." तिने ते मनावर घेतलं. दर सहा महिन्यांनी यायची, आ करायची आणि विचारायची, "हायत ना गं माजे दोघं?" मी म्हणायचे, "आहेत, आजी." एवढ्यासाठी मुर्ध्याहून यायची. मी तिला कधी परत पाठवलं नाही.

मग कंपनी आली. कंपनी म्हणजे पांढऱ्या बुटातले दोन तरुण, एक लॅपटॉप आणि दर वाक्याला 'मॅडम'. माझी खुर्ची जुनी झाली होती, कॉम्प्रेसर खोकत होता, माझी मान धरलेली होती. खोटं कशाला बोलू, मी दमले होते. ते म्हणाले, चार खुर्च्या येतील, एसी येईल, फोन दुसरं कोणीतरी उचलेल. "आणि मालकीण तुम्हीच, मॅडम. कायद्याने दवाखाना डॉक्टरच्याच नावावर लागतो. आम्ही फक्त बाकीचं बघू." घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "बाकीचं म्हणजे काय काय?" मी म्हटलं, "अहो बाबा, कटकट असते ती सगळी." आणि सही केली.

बाकीचं म्हणजे सगळं. किल्ली त्यांच्याकडे. भुलीचं इंजेक्शन कुठलं मागवायचं ते त्यांच्या ऑफिसात ठरणार. मालकीणबाई रजेचा अर्ज सव्वीस वर्षांच्या मॅनेजरला करणार. बुद्धपौर्णिमेला मी दवाखाना बंद ठेवायचे, तर उत्तर आलं, सिस्टीममध्ये ही सुट्टी नाही. पण हे चालून गेलं असतं. न चालण्यासारखी होती ती काचेची केबिन. मी पेशंट तपासायचे, कॉम्प्युटरवर लिहायचे, मग पेशंट त्या केबिनमध्ये जायचा. तिथे कोट घातलेली एक मुलगी बसायची, जिने आयुष्यात कोणाच्या तोंडात बोट घातलेलं नाही. मी लिहिलेलं असायचं 'दात ठेवा'. काचेपलीकडून बाहेर येताना त्याचं 'दात काढा, इम्प्लांट बसवा' झालेलं असायचं. खाली सही माझीच, कारण सही आधीच छापलेली असायची.

मी भांडले. अगदी आवाज चढवून भांडले. "मॅडम, तुम्ही मालक आहात, मालकासारखा विचार करा ना," मॅनेजर म्हणाला. मी मालकासारखा विचार केला असता तर आधी त्यालाच हाकलला असता, पण तो अधिकार बाकीच्यात गेला होता. आणि मी राहिले. दोन वर्षं राहिले. त्या काचेमागे किती ठेवण्यासारखे दात गेले, मी बघून न बघितल्यासारखं केलं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यांनी वर मोठा चमकणारा बोर्ड लावला, पण बाबांची पाटी खाली तशीच ठेवली. लोक चड्डी शोधत येतात हे त्यांना बरोबर कळलं होतं. बाबा दर दिवाळीला येऊन अक्षरांवर पुन्हा एक हात मारायचे. कंपनी आल्यावर दुसऱ्या वर्षीही आले, डबा आणि ब्रश घेऊन. वॉचमनने अडवलं. "परमिशन लेके आओ, चाचा." मी आत होते, हात पेशंटच्या तोंडात. हातातलं काम टाकून बाहेर पळाले तर बाबा बस स्टॉपवर डबा मांडीवर घेऊन बसलेले. म्हटलं, "बाबा, चला, मी सांगते त्याला." ते म्हणाले, "नको गं. तुझी नोकरी जाईल."

नोकरी म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं. त्या हिवाळ्यात बाबा गेले. डबा आणि ब्रश आमच्या बाल्कनीत राहिला.

त्यानंतर महिन्याभरात मी सोडलं. भाईंदर वेस्टला मैत्रिणीच्या दवाखान्यात बसायला लागले. कंपनीला लिहिलं, माझं नाव काढा. कागदावरून काढा, पाटीवरून काढा, सहीतून काढा. उत्तर यायचं, प्रोसेसमध्ये आहे. पुढे कळलं की माझ्या जागी दुसऱ्या डॉक्टरचं नाव लागल्याशिवाय माझं निघणार नाही आणि नाव द्यायला कोणी तयार नाही. नवीन पोरी शहाण्या आहेत. त्या फक्त हात देतात.

एका सकाळी आई स्वयंपाकघरातून हाक मारायला लागली. बाबांचा फोन ती अजून रोज चार्ज करते, बंद करवत नाही म्हणते. "अगं, तू बाबांना मेसेज केलायस का?" मी जाऊन बघितलं. दवाखान्याच्या नंबरवरून आलेला, वर माझं पूर्ण नाव, त्यात बाबांचं नाव. खाली लिहिलेलं, नमस्कार, तुमची दातांची तपासणी बाकी आहे, मी तुमची वाट बघतेय. आई फोन हातात धरून माझ्याकडे बघत होती. "तू नाही केलास ना?" तिने दोनदा विचारलं. मला पण क्षणभर खात्री वाटेना.

मग एकदा दुपारी दुधी घेऊन त्या रस्त्याने जात होते. काचेतून आत बघितलं. माझ्या सर्टिफिकेटखाली एक तरुण डॉक्टर मुलगी, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. एका बाईने दार उघडं धरून माझ्या नावाने हाक मारली, डॉक्टर अमुक आहेत का? त्या मुलीने मान वर केली आणि म्हणाली, "हो, बोला." माणूस गेल्यावर त्याचं नाव मागे राहतं, हे ठाऊक होतं. पण मी तर जिवंत होते, दुधी घेऊन फुटपाथवर उभी होते. आत जाऊन काय सांगणार? की बाई गं, मी मी आहे? मी घरी आले. तेव्हा घरी आले, हे मला अजून खातं.

कारण त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाईंदर वेस्टच्या बस स्टॉपवर मला मुर्ध्याची आजी दिसली. मी हसले, तर तिने तोंड फिरवलं.

"काय गं आजी, ओळख विसरलीस?"

"तू दावलीस का वळख? दात काढलंस तवा बोललीस का माज्याशी?"

"मी? कधी?"

"आता गं! चार दिस न्हाय झालं. मी ईचारलं, हायत ना माजे दोघं? तू गप. तोंडाला फडकं व्हतं तुज्या. डोलं येगलं वाटलं. मी म्हटलं, रागावली असंल पोरगी. बाप मेलाय तिचा."

तिने पदराची गाठ सोडली. आत कागदाच्या पुडीत दोन दात. तिने मागून घेतले होते. मी ते हातावर घेतले. लांब, सरळ मुळं, कुठे कीड नाही, काही नाही. इतकी वर्षं मी दात बघतेय, ह्या दोघांना काहीही झालेलं नव्हतं. पिशवीतून तिने फाइल काढली. फाइलवर माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव आणि माझी सही. शेजारी तिचा अंगठा.

"आजी, ती मी नव्हते."

"तुजी पाटी हाय ना थितं?" ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. तिची बस आली, ती चढून गेली. मी तिला हात द्यायलाही विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी निळ्या ऑइलपेंटचा डबा घेतला, बाल्कनीतून बाबांचा ब्रश घेतला, हार्डवेअरवाल्याकडून शिडी मागून घेतली आणि पाटीखाली उभी राहिले. वॉचमन धावत आला. "किसने बोला?"

"मालिक ने."

"मालिक कौन?"

मी काचेवर चिकटवलेल्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर बोट ठेवलं आणि माझं आधार कार्ड शेजारी धरलं. त्याने दोन्ही अक्षर-अक्षर लावून वाचलं. "नाम तो आपका ही है," म्हणाला बिचारा आणि त्यानेच शिडी धरली. त्या मालकीचा मला झालेला एवढाच उपयोग.

मी वर चढते न चढते तोच मॅनेजरचा फोन. "मॅडम, ही कंपनीची प्रॉपर्टी आहे."

"असं? मग लिहून द्या. दवाखाना कंपनीचा आहे, माझा नाही, एवढं एका कागदावर लिहून द्या. आत्ता उतरते."

मग हळूच, "मॅडम, तसं... तसं लिहून नाही देता येत."

"मग ठेवा फोन."

माझं नाव तीन हातांत गेलं. आडनाव पण गेलं. मधलं जाईना. किती दिवाळ्यांचे थर होते त्यावर, निळ्यातून पांढरं पुन्हा पुन्हा वर यायचं. मी चौथ्यांदा ब्रश फिरवत होते, तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. जुना रिक्षावाला, कितीतरी पेशंट त्यानेच आणून सोडलेले. "ताई, काय करताय उन्हात?"

"बापाचं नाव काढतेय," मी म्हटलं.

म्हटल्यावर मला ऐकू आलं. ब्रश हातात तसाच राहिला आणि मी शिडीवर बसून भर रस्त्यात हमसून हमसून रडले. रिक्षावाला रिक्षा बाजूला लावून थांबला. वॉचमनने शिडी सोडली नाही.

खाली उतरून बघितलं. नाव गेलं होतं. निळ्या पाटीवर एकटा दात. सुटले असं वाटलं, आणि लगेच डोळ्यांसमोर तो फाइलवरचा अंगठा आला. आजीने माझं नाव कधी वाचलंच नव्हतं. ती बाबांच्या दाताकडे बघून आत गेली होती. मी पुन्हा वर चढले. चड्डी पुसायला सगळ्यात जास्त रंग लागला.

कागदावरचं नाव अजून निघालेलं नाही. तक्रार दिली आहे, खेटे घालतेय. आजीला निरोप पाठवून भाईंदर वेस्टला बोलावलं आणि खालची कवळी करून दिली. ती बसत नाही. बसणार कशावर? घास चावला की उचलते, मग आजी ती जिभेने दाबून धरते.

परवा ती पुन्हा आली. म्हणाली, "पयलं थितंच गेलते, सवयीनं. दोन फेऱ्या मारल्या. दात दिसला न्हाय. मंग म्हटलं, तू न्हायस थितं." मला इतकं बरं वाटलं. मी तिला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला. तिने आ केला आणि नेहमीसारखं विचारलं, "हायत ना गं माजे दोघं?"

विचारलं आणि तिलाच आठवलं. मी मास्क खाली ओढला, तिला नीट दिसावं कोण बोलतंय म्हणून.

"नाहीत, आजी," मी म्हटलं. "मीच घालवले."