वळू कुठं?

आर्किटेक्चर कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात: मुलांनी परत न नेलेली मॉडेल्स आणि किस्से. मॉडेल्स दिवाळीच्या साफसफाईत जातात. किस्से मात्र जागचे हलत नाहीत! गेल्या वर्षी आमच्या कराडच्या कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला ‘सगळ्यांसाठी डिझाइन’ हा विषय घेतला. म्हणजे सार्वजनिक जागा अशी आखायची, की काठीवाला म्हातारा असो, कडेवर पोर घेतलेली बाई असो की व्हीलचेअरवरचा माणूस, कुणालाच ‘मला जरा धरा हो’ म्हणायची वेळ येऊ नये. त्या एका सेमिस्टरने एवढे किस्से दिले, की बाकीची वर्षं फुकट गेली असं वाटायला लागलं.

*

प्रोजेक्टसाठी आम्ही पाटणच्या रस्त्यावरच्या एका गावातलं वाचनालय निवडलं. पावसाचा मुलूख, म्हणून जोतं उंच. दारापर्यंत सात दगडी पायऱ्या. मुलं आत टेप टाकून मापं घेत होती. वाईची तन्वी दमली आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीत टेकली.

पेपर वाचणारे तात्या ताडकन ओरडले, "ऊठ पोरी! सुभेदारांची जागा हाय ती!"

तन्वी उडालीच. "सॉरी, सॉरी! कधी येतात ते?"

"दोन वर्सं झाली, आलं न्हाईत."

"मग?"

"मग काय? येतील की!"

सुभेदार राहतात वाचनालयाच्या समोरच. फौजेतून धडधाकट परत आले आणि इथे मधुमेहात उजवा पाय गेला. "शत्रूला जमलं न्हाई ते साखरेनं केलं," असं तेच हसत सांगतात. खिडकीतून त्यांना वाचनालय दिसतं, तात्यांनी मोठ्याने वाचलेल्या बातम्या ऐकू येतात, पण मध्ये त्या सात पायऱ्या! तात्यांनी एकदा चार माणसं जमवली होती, त्यांना व्हीलचेअरसकट उचलून न्यायला. सुभेदारांनी त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं.

"उचलून दोगास्नीच नेत्यात, तात्या. एक पोतं, दुसरं मढं. मी अजून दोन्ही न्हाई. जाईन तर माझा मी जाईन!"

हे ऐकलं आणि मी वर्गाला तिथल्या तिथे सांगून टाकलं, "शीट्स गेली खड्ड्यात. हा माणूस आपल्या चाकांवर त्या खिडकीपाशी पोचला, तर सगळे पास!"

*

उत्साहाच्या भरात मी सुभेदारांना कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं. गाडी पाठवली, हार आणला, माइक लावला. सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या स्टुडिओत. आणि आमच्या कॉलेजला लिफ्ट नाही!

मी वर्षानुवर्षं त्याच मजल्यावर शिकवतोय, आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सुभेदार जिन्यापाशी थांबले, मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "आवं सर, इषय वर आनि इषयाचा मानूस खाली व्हय?"

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. व्याख्यान शेवटी स्कूटर स्टँडमध्ये झालं आणि फार झकास झालं. दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांच्या मागे लागून स्टुडिओ तळमजल्यावर आणला.

*

मग सुभेदारांनाच परीक्षक नेमलं. प्रत्येकाचा प्लॅन टेबलावर पसरायचा आणि त्यावरून ते बोट फिरवत निघायचे. बोट म्हणजे त्यांची व्हीलचेअर! जिथे बोट अडकलं तिथे मार्क कापले.

अमोलची पाळी आली. हा कवठे महांकाळचा, घरी मेंढरं आणि जनावरं. सुभेदारांचं बोट दारातून आत शिरलं, बोळकांडीतून पुढे गेलं आणि भिंतीला टेकलं.

"हितवर आलो," सुभेदार म्हणाले. "आता वळू कुठं?"

अमोल गडबडला. प्लॅन वरून खाली न्याहाळला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "वळू आमच्या घरी हाय, काका. हितं न्हाई दाखवला."

सुभेदार दोन मिनिटं हसत होते. डोळे पुसून म्हणाले, "गड्या, माझी खुर्ची वळवू कुठं म्हनतोय मी!"

व्हीलचेअर वळायला पाच फुटांचा गोल मोकळा लागतो. पुस्तकात त्याला भलंमोठं इंग्रजी नाव आहे. आमच्या वर्गात त्या दिवसापासून त्याला ‘वळू’च म्हणतात. पुढे बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "प्रत्येक टॉयलेटमध्ये वळू का लिहिलाय?" तेव्हा त्यांना चहा पाजून समजवावं लागलं.

*

एका मुलीने वाचनालयासाठी ब्रेल लिपीतली पाटी केली. टिंबन् टिंब अचूक! आणि लावली कुठे? दारावर, आठ फूट उंचीवर.

मी म्हटलं, "अगं, ती हाताने वाचतात."

"हो सर, पण सगळ्यांना दिसायला पण हवी ना!"

*

रॅम्पसाठी ग्रामपंचायतीची परवानगी हवी होती. मी तन्वीला बजावलं, "अर्ज शुद्ध मराठीत लिही." तिने रॅम्पला शब्द शोधला, ‘उतार’. अर्ज झाला: ‘आम्हांस वाचनालयासाठी उतार मिळावा.’

तिथल्या भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, अर्ज वाचला, मायेने हसले आणि लाल पेनाने ‘र’ला काना दिला. "काना राहिला होता, बाळ. गट नंबर?"

"चार," तन्वी म्हणाली. वर्गात तिचा गट चौथाच होता की!

अर्ज शेजारच्या टेबलावर तलाठ्याकडे गेला आणि तन्वी विजयी मुद्रेने गट नंबर चारचा सातबारा घेऊन परत आली! अमोलने तो गंभीरपणे वाचून दाखवला, "सर, जमीन जिरायत. एक हीर. रॅम्पची नोंद न्हाई!"

पोरं उतारा आणायला गेलीत हे सुभेदारांच्या मंडळींच्याही कानावर गेलं होतं. त्या काळजीने म्हणाल्या, "आवं, उतारा करायचाय तर लिंबू-नारळ नगं का? आनि अवसेला करा की!"

*

परवानगी मिळाली. सामान ग्रामपंचायतीचं, अंगमेहनत गावाची आणि मुलांची, कारागीर बाबूराव गवंडी. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. सात पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या. म्हणजे बेचाळीस फूट, आणि मध्ये एक सपाट वळण.

"सात पायऱ्यांना बेचाळीस फूट?" बाबूराव म्हणाले. "हायवे बांधताय का?"

पोरांचं गणित चुकलं असणार, अशी त्यांची खात्री झाली. आम्ही पुढच्या शनिवारी गेलो, तर बाबूरावांनी ते ‘दुरुस्त’ करून चौदा फुटांत सरळसोट भराव टाकून ठेवला होता!

सुभेदारांनी लांबूनच बघितलं. "ही तर घसरगुंडी हाय. बाबूराव, तुमी बसा बरं माझ्या खुर्चीत."

बाबूराव हसत बसले. जोर लावून दोन हात वर चढले, तिथे दम तुटला आणि खुर्ची जी उलटी सुटली, ती अमोलने आणि मी खाली धरली म्हणून बरं! बाबूराव उतरले, टोपी झटकली आणि ओरडले, "उकरा रं सगळं! बेचाळीस म्हंजे बेचाळीसच!"

*

आणि तो दिवस आला. सकाळी नऊ, पेपर येण्याची वेळ. अख्खा वर्ग पहाटेच्या एसटीने आलेला. सुभेदार कडक इस्त्रीच्या शर्टात, बूट एकच, पण पॉलिश असं की तोंड दिसावं. अमोल मदतीला पुढे झाला.

"हात लावायचा न्हाई!"

सुभेदार निघाले. चाकं सावकाश फिरत होती. अर्धा रॅम्प चढून ते सपाट वळणावर पोचले, थांबले, श्वास घेतला. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "सर, वळू?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "वळूऽऽ!"

सुभेदार झोकात वळले, उरलेला चढ चढले आणि दारातून आत गेले. मागोमाग आम्ही सगळे. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलेही नाहीत.

खिडकीपाशी ती खुर्ची तशीच होती. समोर टेबलावर त्या दिवशीचा पेपर, घडी न मोडलेला. तात्या लगबगीने उठले, खांद्यावरच्या टॉवेलने खुर्ची पुसली, पुन्हा एकदा पुसली. "बसा सुभेदार. कुनाला बसू दिलं न्हाई."

सुभेदारांनी खुर्चीकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. मग दारापाशी उभ्या असलेल्या तन्वीला हाताने पुढे बोलावलं.

"तिथं आता या पोरीला बसू द्या, तात्या. मी माझी खुर्ची घेऊन आलोय."