अंगठ्याचं पिवळं कार्ड

माझ्या नवऱ्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बहारीनमधले तीन डॉक्टर ओळखत होते, पण ते तीन डॉक्टर एकमेकांना ओळखत नव्हते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी मनामातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये नर्स होते. आमच्या सांध्यांच्या डॉक्टर कुरियननी गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजणाऱ्या पेशंटची जबाबदारी माझ्यावर टाकली होती. पेशंटला आजार समजावून सांगायचा, काय खायचं आणि काय सोडायचं ते पटवायचं, आणि त्याचे जे जे डॉक्टर असतील त्यांच्यात मेळ घालायचा. त्यासाठी मी एक पिवळं कार्ड काढलं. प्रत्येक डॉक्टरने आपली औषधं त्या एकाच कार्डावर लिहायची, म्हणजे कोण काय देतंय ते सगळ्यांना दिसेल. समजावताना माझा आवाज असा चढायचा की बाहेर दात दाखवायला आलेल्या माणसांनीसुद्धा कलेजी सोडली असेल!

आणि गाऊट माझ्याच घरात आला. आमचे हे, म्हणजे विजय, तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये एसी मेकॅनिक. एका सकाळी पलंगावरूनच ओरडले, "सुनंदा, पंखा बंद कर वं! अंगठ्याले हवा लागून राह्यली!"

मी पाहिलं. अंगठा लालबुंद, टम्म फुगलेला. हात तर सोडाच, नुसतं त्याच्याकडे बघितलं तरी हे कळवळत होते.

एरवी मी शांतपणे घेतलं असतं. पण सहा आठवड्यांवर नागपूरला त्यांच्या एकुलत्या एका बहिणीचं लग्न होतं. वडील गेलेले, त्यामुळे घरातलं मोठं माणूस म्हणजे हेच. तिने फोनवर निक्षून सांगितलं होतं, "तू नाही आला ना दादा, त मी लग्नाले उभीच नाही राहीन!" दोन वर्षांनी लीव्ह मंजूर झाली होती, विमानाचं तिकीट कपाटात होतं, आणि नवरदेवाच्या स्वागताला उभं राहायचं त्या पायात मोजा शिरत नव्हता. मी पदर खोचला. (नर्सच्या युनिफॉर्मला पदर नसतो. तरी खोचला.)

दुसऱ्याच दिवशी ह्यांना कुरियनसमोर बसवलं.

"दर्द कब से है?" डॉक्टरांनी ह्यांना विचारलं.

"कालपासून... म्हणजे कल से, डॉक्टर," मी सांगितलं.

"पानी कितना पीते हो?"

"बहुत कम!" मी.

"और कोई दवा चालू है?"

ह्यांनी तोंड उघडलं. "वो एक..."

"बीपीची एक आहे, कार्डवर लिहिली आहे. बाकी नथिंग, डॉक्टर!" मी म्हणाले. पेशंटला वेळेचं भान नसतं, बाहेर रांग लागलेली असते.

मग मी पिवळं कार्ड घेऊन निघाले. बीपीचे डॉक्टर सनाबिसला होते, बहारीनी, भले गृहस्थ. त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, "इंशाल्ला, सिस्टर" म्हणत सही केली. तिथून टॅक्सीने तुबली, वर्कशॉपच्या कंपनीचे डॉक्टर. आणि तिथे मी चक्क बाजी मारली! कंपनीचे डॉक्टर दुखण्यावर एक गोळी देत होते आणि कुरियन दुसरी. नावं वेगळी, आत औषध तेच! म्हणजे माणूस दुप्पट गोळी गिळत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. एक गोळी बंद झाली. कुरियन सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, दिस इज द वे!" त्या दिवशी मी जमिनीवर नव्हते.

घरी तर मी कायदाच लागू केला. सावजी रस्सा मफी, म्हणजे बंद! कलेजी, खिमा, सुकट, सगळं खलास. रोज सहा बाटल्या पाणी, मी समोर उभी राहून पाजायचे. हे दर अर्ध्या तासाने बाथरूमला पळायचे आणि मी मागून समाधानाने म्हणायचे, "जाऊ द्या, युरिक ॲसिड चाललंय बाहेर!"

"मीच चाललो बाहेर," हे आतून म्हणायचे.

पंधरा दिवसांनी अंगठा पुन्हा फुगला. पहिल्यापेक्षा मोठा!

माझ्या डोक्यात एकच आलं. हा माणूस चोरून खातोय. मी डबा परत आला की वास घेऊ लागले. शर्टाच्या बाह्या हुंगू लागले. (वास फक्त गॅसचा आणि ग्रीसचा.) मुलीला पाळतीवर ठेवलं, तर ती म्हणाली, "आई, बाबा इज ओन्ली ईटिंग दुधी. ही इज व्हेरी सॅड." तिच्यावरही माझा विश्वास बसेना. एका दुपारी सुट्टी टाकून मी थेट तुबलीला गेले आणि वर्कशॉपसमोरच्या मलबारी हॉटेलवाल्याला दरडावून विचारलं, "हमारा आदमी इधर मटन खाता है क्या?"

तो घाबरून म्हणाला, "नहीं चेची! वो तो सिर्फ बाथरूम माँगने आता है!"

लग्नाला तीन आठवडे उरले. बहिणीचा पुन्हा फोन. ह्यांनी "येतो ना बाई, येतो" म्हणून रिसीव्हर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तेव्हा मात्र माझं काळीज हललं. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा कुरियनकडे नेलं. मी सगळा इतिहास सांगायला सुरुवात केली, तसा डॉक्टरांनी हात वर केला.

"सिस्टर, ब्लड रिपोर्ट लेके आओ. आराम से आओ."

मी लॅबमधून रिपोर्ट घेऊन आले. युरिक ॲसिड आधीपेक्षा वाढलेलं! आत शिरले तर डॉक्टरांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं.

"सिस्टर, इनको पानी निकालने की गोली कौन दे रहा है? इससे तो युरिक ॲसिड खून में रुक जाता है."

माझा पारा चढला. "कौन से डॉक्टर ने दी? कार्डवर लिहिली का नाही? मी आत्ता जाऊन विचारते! अशाने पेशंट मरेल!"

"खाली बस," हे हळूच म्हणाले. "तूच त देतं ना रोज."

मी खाली बसले.

नागपूरहून लीव्ह संपवून येणारा प्रत्येक माणूस सगळ्यांची पार्सलं आणतो. तिखट, कुरडया आणि गोळ्या. माझ्या ताईने भाऊजींच्या पायाची सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचं अख्खं पाकीट पाठवलं होतं. ह्यांचा पाय सुजला तशी मी त्यातली रोज एक सकाळी चहाबरोबर द्यायला लागले. कार्डवर लिहायचं मनातसुद्धा आलं नाही. औषध म्हणजे डॉक्टर देतात ते, ही तर ताईने पाठवलेली घरची गोळी!

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" मी कसंबसं विचारलं.

"तू बोलू देशीन तवा ना!"

कुरियननी तिथल्या तिथे सनाबिसला फोन लावला, मग तुबलीला. बीपीची गोळी, दुखण्याची गोळी, पुढचा बेत, सगळं तीन मिनिटांत ठरलं. आणि मग तिन्ही डॉक्टर फोनवर हसले. ज्यांना एकत्र आणायला मी तीन आठवडे टॅक्स्या फिरवल्या, ते अखेर एकत्र आले ते माझ्यामुळेच.

ताईची गोळी कचऱ्यात गेली. आठ-दहा दिवसांत सूज उतरली. मला रजा मिळाली नाही, हे एकटेच गेले. महिन्याने टपालाने लग्नाचा फोटो आला. आमच्या बौद्ध रीतीप्रमाणे पांढऱ्या साडीतली नणंद, पांढऱ्या कपड्यांतला नवरदेव, बाजूला ताठ उभे हे. मी नवरी नंतर पाहिली, आधी बूट पाहिले. दोन्ही पायांत होते. मला रडू आलं.

पिवळी कार्डं नव्याने छापली. त्यात कुरियननी एक रकाना वाढवला, घरून दिलेल्या गोळ्यांचा. आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ माझ्याकडूनच लिहून घेतली, 'प्रश्नांची उत्तरं पेशंटने स्वतः द्यावीत.'

परत आल्यावर हे तपासून घ्यायला आले. नवं कार्ड टेबलावर होतं. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं, "विजय, अंगूठा कैसा है?"

"एकदम ठीक है, डॉक्टर!" मी म्हणाले.