वाघमारे सिस्टर आणि माझी तक्रार

वाघमारे सिस्टर पहिल्या दिवशी घरात शिरल्या त्या नमस्कार न करताच. "आधी हात दाखवा," म्हणाल्या. मी दाखवले. "नखं काढा. मग बाबांना हात लावा." विद्यानगरमधल्या माझ्याच घरात, माझ्याच वडिलांना!

बाबांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली होती. राज्याचं विभाजन झालेलं. आमच्या सरकारी कचेरीत फायलींची आणि माणसांची दोन राज्यांत वाटणी चालू होती, मला रजा मिळेना. घरी येऊन रुग्णाची देखभाल करणाऱ्या एका संस्थेनं या सिस्टर पाठवल्या. मूळच्या परभणीकडच्या, पन्नाशीच्या, बुटक्या. आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

मला त्या कधीच आवडल्या नाहीत. आईला तर त्यांचा तिटकाराच होता. तिनं त्यांच्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवला. सिस्टरांनी तो पाहिला आणि आमच्याकडं पाणीसुद्धा घेतलं नाही. बाटली घरून आणायच्या. दर दोन तासांनी बाबांची कूस बदलायच्या, भिंतीवरच्या कागदावर वेळ लिहायच्या. नांदेडहून भेटायला आलेल्या मामांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "खोकला घेऊन आत नक्को. बरे झाल्यावर या." मामा पुन्हा आलेच नाहीत.

एका रविवारी आई बाबांना पडल्या पडल्या पेज भरवत होती. सिस्टरांनी माझ्यादेखत तिच्या हातातली वाटी हिसकावली. "जीव घ्यायचाय का त्यांचा? बसवल्याबिगर घास द्यायचा नाही, किती डाव सांगू?"

आई रडत बसली. संध्याकाळी मी संस्थेला लेखी तक्रार पाठवली: सिस्टर उद्धट आहेत, त्यांनी माझ्या म्हाताऱ्या आईच्या अंगावर वाटी फेकली. फेकली नव्हती. मी तसं लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांना काढलं. पिशवी उचलताना म्हणाल्या, "मला काढा हो. पण जेवल्यावर बाबांना अर्धा तास आडवं करू नका." मी दार आपटलं.

नवी मुलगी गोड बोलायची. आईला उठता-बसता "अम्मा, अम्मा". कागदावरच्या दिवसभराच्या वेळा ती सकाळीच लिहून टाकायची. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. घरात शांतता होती ना! पंधरा दिवसांत, तिनं आडव्यानंच भरवताना बाबांना ठसका लागला. पेज फुप्फुसात गेली. दवाखान्यात चौथ्या दिवशी बाबा गेले.

महिन्याभरानं मी पत्ता काढून नामपल्लीत सिस्टरांच्या खोलीवर गेले. माझ्या तक्रारीनंतर त्यांना कुणी काम दिलं नव्हतं. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"बाबा गेले," मी म्हणाले.

"कसे?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा नजर पहिल्यासारखीच कडक होती.

"माफ करा, सिस्टर."

"माफी कायकू? तक्रार लिहून दिली ना, मॅडम? मग खरं पण लिहून द्या."

मी पायरीवर बसून लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं: सिस्टर उद्धट नव्हत्या, त्यांनी वाटी फेकली नाही.

"उद्धट होते मी. ते खोडा. वाटी हिसकावली म्हणून लिहा. परत वेळ आली तर परत हिसकावीन. आणि त्या रविवारी पेज कोण भरवत होतं, कसं भरवत होतं, ते पण लिहा."

माझा हात थांबला. त्या उभ्याच होत्या.

मी आईचं नाव लिहिलं. त्यांनी कागद घेतला आणि दार लावून घेतलं.